लाटण्यावरच्या दोन काळ्या रेघा

आमच्या घरातल्या लाटण्याच्या दोन्ही मुठींजवळ एकेक काळी रेघ आहे. रोज घासलं जाऊनही ती फिकी पडलेली नाही, कारण तिथे रंग नाहीच. तिथलं लाकूडच जळलेलं आहे. लालबागच्या आमच्या चाळीत सावंतवाडीकडचे एक काका राहायचे. गिरणीच्या त्रासन (सूत कातायच्या) खात्यात पाळी करायची आणि उरलेल्या वेळात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लाकूड फिरवून कातायच्या लेथवर, लाटणी, भोवरे, पाळण्याचे दांडे उतरवायचे. लाटणं त्यांनीच केलेलं. मी तेव्हा सहावीत होतो.

रेघ कशी पडते ते पाहायला मी शेडमध्ये उभा राहायचो. लाटणं फिरत असतानाच काका पटाशीच्या टोकाने एक बारीक खाच पाडत, केसापेक्षा थोडी जाड. मग खिळ्याला टांगलेली तार काढत. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानातून आणलेली गिटारची पातळ पोलादी तार, दोन टोकांना दोन लाकडी खुंट्या बांधलेल्या. खुंट्या दोन हातांत धरून तार खाचेत बसवायची आणि ताणायची. तीन-चार सेकंद काहीच होत नसे. मग खाचेतून धुराचा एक दोरा निघे, भाजलेल्या लाकडाचा वास येई, आणि तार उचलली की खाली काळीभोर, काठ धारदार असलेली रेघ. "तार बोटाक गुंडाळू नको, बोट जातला," हे वाक्य दर वेळी. तार लाकडात अडकून ओढली गेली, तर खुंटी हातातून निसटते, बोटाला गुंडाळलेली तार निसटत नाही.

आता ही युक्ती मोबाइलवर बघून शिकलेली पोरं तिला परदेशी समजतात. तारेपुरतं ते असेलही. पण फिरत्या लाकडाला काहीतरी घासून उष्णता काढायची, हे आपल्याकडे कुणी बाहेरून आणून दिलेलं नाही. यज्ञाचा अग्नी अरणीतून काढतात तेव्हा उभ्या मंथ्याला दोरी गुंडाळून आळीपाळीने ओढतात. खालच्या लाकडाच्या खळग्यात घर्षणाने ठिणगी धरते. ताक घुसळायच्या रवीची दोरीही तशीच. आणि कातारी ज्यावर लाकूड कातायचे तो जुना खराद म्हणजे हीच रचना आडवी पाडलेली: दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने जमिनीवर बसून हत्यार धरायचं, वेळप्रसंगी पायाच्या बोटांचाही आधार घेऊन. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इ.स.पू. ३००च्या सुमाराचं, असंच दोन माणसांचं चित्र कोरलेलं आहे: एक दोरी ओढतोय, दुसरा हत्यार लावतोय.

या खरादाची एक अडचण होती. लाकूड एकदा इकडे फिरणार, मग तिकडे. पटाशी एकाच दिशेने कापते, म्हणजे निम्मी मेहनत फुकट. घासण्याला मात्र दिशा लागत नाही, दोन्ही फेऱ्यांत उष्णता तयार होते. या उष्णतेचा आपल्या कारागिरांनी जो उपयोग केला तो जाळण्याचा नव्हे, लाखेचा. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. लाख ७०–८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊन वितळते आणि लाकडाला पट्टा बसतो. मग केवड्याच्या पानासारखं काही फिरवून चकाकी आणायची. सावंतवाडी, कर्नाटकातलं चन्नपट्टणा, आंध्रातलं एटिकोप्पाका, बडोद्याजवळचं संखेडा ही सगळी गावं लाखेच्या कामासाठी ओळखली जातात. मुंबईतल्या गुजराती घरांमधले संखेड्याचे हिंचके बघा, कातलेल्या लाकडावर लाखेचंच काम. सावंतवाडीचं काम मागे पडत चाललं होतं, ते राजवाड्यात तिथले संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुन्हा उभं केलं. तिथल्या गंजिफाही, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, त्यांच्यामुळेच टिकल्या.

लाकडाचं गणित वेगळं आहे. ते २०० अंशांच्या पुढे तपकिरी होऊ लागतं आणि कोळसा धरायला आणखी बरंच वर जावं लागतं. हातभर दोरी ओढली तर चार सेंटिमीटर जाडीचं लाकूड चार फेऱ्याही पुऱ्या घेत नाही, आणि मग थांबून उलटं फिरतं. तेवढ्यात लाख वितळते, लाकडाला जेमतेम डाग पडेल. माझ्या मते म्हणूनच आपल्याकडे लाखेचे पट्टे मिरवले आणि जळकी रेघ कोपऱ्यात राहिली. हाताशी तांबडी-पिवळी लाख असताना काळ्या रेघेसाठी घाम कोण गाळणार?

(तापलेल्या सळईने किंवा सुईने लाकडावर चित्रं जाळायची कला यात मिसळू नये. तिची लाट युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. पॅरिसच्या पाकलँ नावाच्या डॉक्टरने १८७०च्या दशकात जखमा डागण्यासाठी बेंझिनच्या वाफेवर तापणारं प्लॅटिनमचं टोक काढलं; तेच पुढे हौशी लोकांनी लाकडावर चालवलं. तिथे उष्णता बाहेरून येते, इथे लाकूड स्वतःच्या फिरण्याने जळतं.)

रेघेला हवा होता एका दिशेने, न थांबता मिळणारा वेग. पायाने फिरवायच्या चाकाने तो थोडा दिला, विजेच्या मोटारीने पुरेपूर दिला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली आली, १९०७ला विजेची ट्राम धावली, १९१५ला खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली. मोठी यंत्रं आधी, मग हळूहळू अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार गल्लीबोळात. हिशेब करून पाहा: चार सेंटिमीटर जाडीच्या लाटण्याचा परीघ साडेबारा सेंटिमीटर. मिनिटाला १,५०० फेऱ्या धरल्या तर मिनिटभरात तारेखालून जवळजवळ १९० मीटर लाकूड सरकतं, आणि सगळी उष्णता तारेच्या जाडीएवढ्या पट्टीत कोंडते. दहा सेकंद पुरतात.

गंमत अशी, की या शहराने कातलेलं लाकूड भरपूर जिथे वापरलं तिथे नक्षीला जागाच नव्हती. १८५४ला कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली, आणि गिरणी म्हणजे सूत गुंडाळायच्या लाकडी बाबिणींचे डोंगर. बाबिणीवर शोभेच्या रेघेचं कामच नाही. काका दिवसभर बिननक्षीच्या बाबिणी हाताळत आणि संध्याकाळी लाटण्यावर रेघा ओढत. १९८२च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धड चालली नाही, मग लेथच पोट भरू लागला. गिरण्यांच्या बाबिणी भंगारात गेल्या. आता चोरबाजारात त्या शोभेच्या म्हणून विकायला मांडलेल्या दिसतात.

सगळ्या लाकडावर ही रेघ नीट बसत नाही. बाभूळ, हळदू अशी घट्ट लाकडं उत्तम. सागही चालतो. पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड धुरकटतं, रेघेचे काठ फिस्कटतात. शिसव मुळात काळपट, तिच्यावर रेघ ओढून दाखवायची कुणाला? गिटारची गुंडाळी असलेली जाड तार घेऊ नये, साधी एकेरीच घ्यावी. पोळपाटासारख्या सपाट तोंडावर तार टेकतच नाही. तिथे सनमायकाच्या तुकड्याची कड दाबतात. तो वितळत नाही, कारण त्यातलं रेझिन एकदा घट्ट झालं की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही. त्याच जातीचा फॉर्मायका १९१२ साली निघाला तोही विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला, फर्निचर नंतरचं. वास मात्र घाण येतो, खिडकी उघडी हवी.

काकांनी कातलेल्या एका लाटण्यावर मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा आधी रेघ जाळली आणि मग पॉलिश पेपर मारला. काजळी शेजारच्या पांढऱ्या लाकडात भरली आणि अख्खं लाटणं आजारी दिसू लागलं. पेपर आधी, रेघ नंतर, तेल सगळ्यात शेवटी. काकांनी ते लाटणं उलटसुलट करून पाहिलं, काही न बोलता पुन्हा लेथवर चढवलं आणि एक सूतभर जाडी उतरवून टाकली. आमच्या घरातलं लाटणं तेच, म्हणून ते जरा बारीक आहे.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आता गोल पायांवर लेझरने काढलेल्या रेघाही मिळतात. ओळखायला सोपं आहे: रेघेवरून आडवं नख फिरवायचं. खाचेत अडकलं तर बहुतेक तारेची, वरून नुसतंच घसरलं तर लेझर किंवा रंग.