अमेरिकन यादवी युद्ध

अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील ११ राज्ये आणि संघराज्याचे सरकार यांच्यात १८६१ ते १८६५ या काळात झालेले युद्ध. आरंभी सरकारचा उद्देश फुटलेली राज्ये परत आणण्यापुरता होता. गुलामगिरी जेथे आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला इरादा नाही, असे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने पदग्रहणाच्या भाषणातच सांगितले होते. चार वर्षांनी युद्ध संपले तेव्हा मात्र गुलामगिरीच मोडीत निघाली होती. हा पालट रणांगणावरच्या जयापजयांनी जितका घडवला, तितकाच मळ्यांवरून पळून संघराज्याच्या छावण्या गाठणाऱ्या गुलामांनी घडवला. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे पुढे येतात आणि ही माणसे मागे राहतात, म्हणून त्यांचा भाग येथे मुद्दाम विस्ताराने दिला आहे.

एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यानंतर दक्षिणेत कापसाची लागवड झपाट्याने पसरली आणि तिच्याबरोबर गुलामांची मागणीही वाढत गेली. १८६० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांपैकी ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. देशाच्या निर्यातीच्या मूल्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. पश्चिमेकडे नवी राज्ये होऊ लागली, तसा त्या भूमीत गुलामगिरीला मुभा द्यावी की नाही हा वाद पेटत गेला. १८२० च्या मिसूरी तडजोडीने, म्हणजे नव्या भूमीत ठरावीक रेषेच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घालून, तो काही काळ शमला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने हा निर्णय तेथील वसाहतवाल्यांवर सोपवून ती तडजोड मोडली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंच्या टोळ्यांत रक्तपात सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारले. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊनने गुलामांच्या उठावासाठी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. त्याला फाशी झाली, पण दक्षिणेतील मळेवाल्यांच्या मनात भीती कायमची बसली.

हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे तर राज्यांच्या अधिकारांसाठी झाले, असे पुढे अनेकांनी लिहिले. फुटून निघताना त्या राज्यांनी स्वतः जी कारणे दिली ती पाहिली, तर हे म्हणणे टिकत नाही. गुलामगिरीच्या व्यवस्थेशी आपली भूमिका पूर्णपणे एकरूप आहे, असे मिसिसिपीने आपल्या निवेदनात लिहिले. साउथ कॅरोलायनाची मोठी तक्रार तर अशी होती की, उत्तरेकडील राज्ये आपले अधिकार वापरून पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचा केंद्राचा कायदा राबवू देत नाहीत. फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या बंडखोर राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात, कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचा नाही हीच आपल्या नव्या राज्याची कोनशिला आहे, असे उघड सांगितले.

गुलामगिरीचा विस्तार रोखण्याची भूमिका घेतलेल्या रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला. त्याला देशभरात सुमारे ४० टक्के मते मिळाली आणि दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघाले आणि १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत आणखी सहा राज्ये त्याच वाटेने गेली. त्यांनी माँटगमेरी येथे आपला स्वतंत्र राज्यसंघ स्थापून जेफरसन डेव्हिसला अध्यक्ष केले. १२ एप्रिलच्या पहाटे बंडखोरांच्या तोफांनी चार्ल्सटनच्या बंदरातील समटर किल्ल्यावर मारा सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लिंकनने ७५,००० स्वयंसैनिकांना हाक दिली; त्यावर व्हर्जिनिया, आर्कान्सॉ, टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना हीही फुटली आणि बंडखोरांची राजधानी रिचमंडला हलली. डेलावेअर, मेरिलंड, केंटकी व मिसूरी या गुलामगिरी असलेल्या चार राज्यांनी मात्र संघराज्य सोडले नाही. त्यांना दुखावू नये, हा लिंकनच्या सुरुवातीच्या सावधपणाचा मोठा भाग होता.

बळाबळ पाहिले तर उत्तरेचे पारडे जड होते. तिकडे सुमारे सव्वादोन कोटी लोक होते, तर दक्षिणेत ९० लाख आणि त्यांतही सुमारे ३५ लाख गुलाम. कारखान्यांचे ९० टक्के उत्पादन आणि बहुतांश लोहमार्ग उत्तरेत होते. पण उत्तरेला एक अफाट मुलूख जिंकायचा होता आणि दक्षिणेला फक्त टिकून राहायचे होते. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन येथे संघराज्याच्या नवशिक्या फौजेचा पराभव झाला आणि युद्ध काही आठवड्यांत आटोपेल हा दोन्हीकडचा समज तेथेच संपला.

गुलामगिरीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली पहिली घटना त्याआधीच, मे महिन्यात घडली होती. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मनरो किल्ला संघराज्याच्या ताब्यात होता आणि समोरच्या काठावर बंडखोर तोफांचे मोर्चे बांधत होते. त्या कामावर जुंपलेले फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका रात्री होडीतून किल्ल्यावर आले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक बंडखोर अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळपुट्या गुलामांच्या कायद्याप्रमाणे त्यांना परत मागू लागला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील होता. व्हर्जिनिया स्वतःला परदेश म्हणवत असेल, तर आमचा कायदा परदेशाला लागू होत नाही, असे उत्तर त्याने दिले. शिवाय ही माणसे शत्रूच्या युद्धकामाला लावलेली मालमत्ता असल्याने ती आपण जप्त करतो, असेही सांगितले. माणसाला मालमत्ता ठरवणाऱ्या कायद्याचा आधार त्या माणसाच्या सुटकेसाठी घेतला गेला. बातमी मळ्यामळ्यांतून पसरली आणि थोड्याच आठवड्यांत बायकामुलांसह शेकडो लोक किल्ल्यावर आले. वॉशिंग्टनहून असा कोणताही हुकूम निघाला नव्हता. पुढे ऑगस्ट १८६१ व जुलै १८६२ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) जप्तीचे कायदे केले, ते या वस्तुस्थितीच्या मागून आले. युद्ध संपेपर्यंत अशा रीतीने सुमारे पाच लाख गुलाम संघराज्याच्या हद्दीत आले असावेत, असा अंदाज आहे.

पळून येणाऱ्यांत रॉबर्ट स्मॉल्स या सुकाणूवाल्याचे धाडस विशेष गाजले. चार्ल्सटनच्या बंदरात ‘प्लँटर’ ही बंडखोरांची आगबोट होती. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना स्मॉल्सने गुलाम खलाशांसह ती हाकारली, वाटेत स्वतःच्या आणि सोबत्यांच्या कुटुंबांना चढवून घेतले, डोक्यावर कप्तानाची गवती टोपी घातली आणि समटर किल्ल्यासमोरून जाताना ठरलेल्या खुणेची शिटी वाजवून बोट पुढे काढली. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर त्याने पांढरी चादर फडकवली आणि तोफांसकट बोट संघराज्याच्या नाविक दलाच्या हवाली केली.

१८६२ मध्ये पश्चिमेच्या आघाडीवर संघराज्याचा सेनापती युलिसिस ग्रँट याने डॉनल्सन किल्ला घेतला आणि एप्रिलमध्ये शायलो येथे मोठी हानी सोसून मैदान राखले. त्याच महिन्यात नाविक दलाने न्यू ऑर्लीन्स हे दक्षिणेतील सर्वांत मोठे शहर घेतले. पूर्वेकडे चित्र उलटे होते. रिचमंडच्या वेशीपर्यंत पोहोचलेल्या संघराज्याच्या जॉर्ज मॅक्लेलनला बंडखोरांचा सेनापती रॉबर्ट ली याने जूनअखेरीस सात दिवसांच्या लढायांत मागे रेटले, ऑगस्टमध्ये बुल रन येथे दुसरा विजय मिळवला आणि तो मेरिलंडमध्ये घुसला. १७ सप्टेंबरला अँटिटम ओढ्याच्या काठी झालेल्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक एका दिवसात ठार, जखमी वा बेपत्ता झाले. लीला माघार घ्यावी लागली. गुलामांच्या मुक्तीची घोषणा करण्यासाठी लिंकन ज्या विजयाची वाट पाहत होता तो हाच. पाच दिवसांनी त्याने इशारा दिला की, १ जानेवारी १८६३ रोजी जी राज्ये बंडात असतील तेथील गुलाम मुक्त समजले जातील. मुक्तीचा जाहीरनामा ठरल्या दिवशी निघाला. सीमेवरच्या निष्ठावंत राज्यांना आणि आधीच जिंकलेल्या काही भागांना तो लागू नव्हता, म्हणून त्याला पोकळ म्हणणारे तेव्हाही होते. पण त्यामुळे संघराज्याची फौज जेथे जाईल तेथे मुक्ती घेऊन जाऊ लागली, आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्गही त्याच जाहीरनाम्याने मोकळा केला.

गुलामगिरी रद्द केलेल्या ब्रिटनला आता बंडखोरांना मान्यता देणे अवघड झाले. कापसावाचून ब्रिटन नमेल, हा दक्षिणेचा हिशेब होता. संघराज्याने किनाऱ्याची नाकेबंदी केल्यावर लँकेशरच्या गिरण्या खरोखरच बंद पडल्या आणि मजुरांची उपासमार झाली. पण कापूस दुसरीकडून, मुख्यतः हिंदुस्थान व इजिप्तमधून, येऊ लागला. गुजरात, खानदेश व वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरातून कित्येक पट भावाने जाऊ लागला. त्या पैशावर मुंबईत बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांभोवती शेअरांच्या सट्ट्याचे वेड माजले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता येताच भाव कोसळले आणि शहरातल्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. मुंबईच्या या भरभराटीच्या आणि बुडीच्या मुळाशी अमेरिकेतील गुलामांच्या श्रमाचा कापूस होता, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासलेखनात फारशी ठसवली जात नाही.

१८६३ चा आरंभ लीच्या यशाने झाला. मेमध्ये चान्सलर्सव्हिल येथे तो जिंकला, मात्र तेथे स्टोनवॉल जॅक्सन हा त्याचा उजवा हात मानला जाणारा सेनापती त्याने गमावला. नंतर ली पेन्सिल्व्हेनियात शिरला. १ ते ३ जुलै या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे सुमारे ५१,००० सैनिक हताहत वा बेपत्ता झाले आणि तिसऱ्या दिवशी उघड्या शेतांतून केलेला बंडखोर सेनापती पिकेटचा हल्ला मोडून पडल्यावर ली परत फिरला. ४ जुलैला, ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग ग्रँटच्या हाती आले. थोड्याच दिवसांत ती सारी नदी संघराज्याची झाली आणि बंडखोरांच्या मुलखाचे दोन तुकडे पडले. गेटिसबर्गचे नाव अधिक गाजले असले, तरी युद्धाच्या निकालाच्या दृष्टीने व्हिक्सबर्गचे वजन जास्त आहे.

त्याच महिन्यात सक्तीच्या भरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगे उसळले आणि जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारले, त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १८ जुलैला, मॅसॅचूसेट्सच्या ५४ व्या पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिक चार्ल्सटनजवळच्या वॅग्नर किल्ल्याच्या तटावर चढले आणि मोठ्या संख्येने पडले. गुलामीतून पळालेला वक्ता फ्रेडरिक डग्लस याचा मुलगा लुइस त्या हल्ल्यात होता. युद्धअखेरपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय भूदलात व हजारो नाविक दलात भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, तर यांना १० आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. ५४ व्या पलटणीने अपुरा पगार घेण्यास नकार दिला आणि १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसला पगार सारखा करावा लागला. पकडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शिपायाला युद्धकैदी मानायलाही बंडखोर तयार नव्हते. एप्रिल १८६४ मध्ये पिलो किल्ल्यावर शस्त्रे खाली ठेवलेल्या अनेकांची कत्तल झाली.

मार्च १८६४ मध्ये ग्रँट सर्व सैन्याचा सरसेनापती झाला. मे महिन्यापासून त्याने लीशी सतत झुंज चालू ठेवली. विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया व कोल्ड हार्बर येथील लढायांत त्याचे सुमारे ५५,००० सैनिक हताहत झाले, तरी आधीच्या सेनापतींसारखा तो मागे फिरला नाही आणि जूनमध्ये पीटर्सबर्गसमोर खंदक खणून बसला. प्रेतांच्या याद्या वाचून उत्तर थकली होती. ऑगस्टमध्ये लिंकनला आपला निवडणुकीत पराभव होणार अशी खात्री वाटू लागली, आणि तसे लिहिलेल्या घडी घातलेल्या कागदावर त्याने मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला संघराज्याचा सेनापती विल्यम शर्मन याने अटलांटा घेतले आणि वारे फिरले. नोव्हेंबरात लिंकन मोठ्या मताधिक्याने निवडून आला. शर्मन जॉर्जियातून लोहमार्ग उखडत आणि धान्यसाठे लुटत डिसेंबरात सव्हानाला समुद्रापर्यंत पोहोचला; हजारो गुलाम त्याच्या फौजेमागून चालत आले. १६ जानेवारी १८६५ च्या हुकमाने त्याने किनाऱ्यालगतची जमीन या मुक्त कुटुंबांना जास्तीत जास्त ४० एकरांप्रमाणे तोडून दिली.

३१ जानेवारीला प्रतिनिधिगृहाने गुलामगिरी रद्द करणारी १३ वी घटनादुरुस्ती ५६ विरुद्ध ११९ मतांनी संमत केली. डिसेंबरात ती अमलात आली. बंडखोरांची अवस्था इतकी बिकट झाली की मार्चमध्ये त्यांनी स्वतः कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा कायदा केला. ३ एप्रिलला रिचमंड पडले आणि दुसऱ्या दिवशी लिंकन त्या शहराच्या रस्त्यांतून पायी चालला. ९ एप्रिलला अपोमॅटॉक्स येथे ली शरण आला. शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत ग्रँटच्या हाताखालील इली पार्कर या सेनेका नावाच्या मूळ अमेरिकन जमातीच्या अधिकाऱ्याने लिहिली. लीच्या सैनिकांना पेरणीसाठी आपापले घोडे नेऊ देण्यात आले. १४ एप्रिलच्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली आणि सकाळी तो मरण पावला. उरलेल्या फौजा पुढच्या काही आठवड्यांत शरण आल्या. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे मुक्तीचा हुकूम १९ जूनला वाचला गेला; हा दिवस कृष्णवर्णीय समाज तेव्हापासून पाळत आला आणि २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा झाला.

युद्धात सुमारे ६,२०,००० सैनिक मेले असे दीर्घकाळ मानले जाई. जनगणनेच्या आधारे नंतर मांडलेले आकडे ७ लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातात. त्यांतील बहुतेक मृत्यू जुलाब, हिवताप अशा रोगांनी झाले. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील एकट्या बंदिवासात सुमारे १३,००० कैद्यांनी प्राण सोडले.

१४ व्या व १५ व्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व त्यांच्यातील पुरुषांना मताधिकार दिला आणि रॉबर्ट स्मॉल्ससारखे पूर्वीचे गुलाम काँग्रेसवर निवडून गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती याच काळात. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली आणि आपले देशबांधव शूद्रांच्या दास्यमुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा व्यक्त केली. अमेरिकेत मात्र नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने शर्मनने वाटलेली जमीन १८६५ मध्येच जुन्या मळेवाल्यांना परत देण्यास सुरुवात केली होती. भूमिहीन राहिलेली मुक्त कुटुंबे त्याच मळ्यांवर वाट्याने शेती करत कर्जात रुतली. १८७७ मध्ये दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी असलेल्या शेवटच्या केंद्रीय फौजा मागे घेतल्या गेल्या आणि त्यानंतरच्या दशकांत तेथील राज्यांनी कर व परीक्षांच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचे मतदान जवळजवळ बंद पाडले; तो हक्क प्रत्यक्षात परत मिळवून देणारा कायदा १९६५ मध्ये झाला.