धुळ्याचे ‘घुळे’ का होते : खान्देशातल्या फलकांमागचा इतिहास

‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक किती? डोक्यावरच्या रेघेतली एक छोटीशी फट आणि डाव्या टोकाची गाठ. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तसेच. आता फ्लेक्सवर लाल अक्षर घ्या, त्याला जाड पांढरी कड द्या, तिच्याबाहेर आणखी एक काळी कड द्या, वर सावली टाका. ती फट बुजते. रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला ‘भरीत’ हे ‘मरीत’ दिसते, ‘भुसावळ’चे ‘मुसावळ’ होते आणि ‘धुळे’चे ‘घुळे’. शुद्धलेखन अचूक असते, तरी नाव वाचता येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा कुठल्याही शहराच्या चौकात असे फलक दिसतात. अक्षर ठळक व्हावे म्हणून केलेला उपायच त्याला मारतो. ही सवय कुठून आली हे समजायला जाहिरात कशाकशावर लिहिली गेली ते पाहावे लागते.

सुरुवात खिळ्यांपासून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांपासून. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या ओतीव देवनागरी अक्षरांनी मराठी छपाईला वळण लावले. पुढे गावोगावी ट्रेडल हे छोटे छपाईचे मशीन आले. नाटकाचे हस्तपत्रक असो, जिनिंगची पावती असो की लग्नपत्रिका, जुळारी एकेक खिळा उचलून ओळ भरायचा. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून इंग्रजीच्या कितीतरी पट खिळ्यांची घरे सांभाळावी लागत. छापखान्यात मथळ्याचे टाइप दोन-तीन आकारांचेच. चित्र हवे तर जस्ताचा ब्लॉक करून आणायचा, त्याचे पैसे वेगळे. दुसरा रंग म्हणजे तोच कागद पुन्हा मशीनवर. त्यामुळे मालकाने चार वाक्ये आणली तरी दोनच छापली जात. या पत्रकांना नीटसपणा आला तो अडचणीतून. प्रत्येक जादा शब्दाला किंमत होती.

भिंतीवरच्या पेंटरचीही हीच गोष्ट. बियाणे, सिमेंट, विडी, पाइप, जे काही लिहायचे ते आधी पांढरा हात मारलेल्या भिंतीवर. मग गेरूत बुडवलेले सूत दोघांनी ताणून धरायचे आणि मधून उचलून सोडायचे. भिंतीवर सरळ रेघ उमटते, तीच शिरोरेखा. त्यानंतर खडूने अक्षरे मोजायची. ओळीतले मधले अक्षर आधी भिंतीच्या मध्यावर, मग डावी-उजवीकडे पसरत जायचे, म्हणजे शेवटचे अक्षर कोपऱ्यात चेपत नाही. मात्रा, वेलांट्या आणि उकारांसाठी वर-खाली जागा राखायची, नाहीतर ‘कृषी’चा ऋकार खालच्या ओळीवर चढतो. रंगाचे डबे दोन, फार तर तीन. एकेक अक्षर उन्हात उभे राहून भरायचे असल्याने ‘खात्रीशीर, उत्कृष्ट व माफक दरात’ हे पेंटरच गाळायला सांगे. भिंतीच्या कोपऱ्यात तो आपले नावही लिही. खराब भिंत त्याच नावावर जाणार असे.

खान्देशाच्या वाट्याला आरेखनाचा एक मोठा धडा १९३६ च्या डिसेंबरात आला. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खान्देशातल्या फैजपूरला झाले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराची मांडणी आणि सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली, बांधणीत वास्तुकार म्हात्रे होते. शहरातून तयार कापडी-कागदी सजावट न आणता बांबू आणि खेड्यात मिळणारे साहित्य वापरून कमानी-झोपड्या उभ्या केल्या. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालांनी केलेली चित्रे प्रसिद्ध आहेत : जाड ठाम रेषा, मातीचे मोजके रंग, एका चित्रात एकच काम करणारा माणूस. चालता चालता दिसेल आणि कळेल असे चित्र. आजच्या फलकावर अकरा छायाचित्रे गोल चौकटींत बसवणाऱ्याने ही चित्रे एकदा समोर ठेवून पाहावीत.

चाळीसगावचे केकी मूस जाहिरातवाले नव्हते, पण इथे त्यांचे नाव घ्यायलाच हवे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून दृश्य उभे करणारी त्यांची छायाचित्रे म्हणजे वस्तू आणि प्रकाश निवडण्याची शाळा आहे. केळीच्या घडाचा फोटो जाहिरातीसाठी काढणाऱ्याने निदान एवढे करावे : दुपारचे डोक्यावरचे ऊन टाळून सकाळी आठच्या आत काढावा, प्रकाश बाजूने यावा आणि घडामागे गाडी, ठिबकच्या नळ्या, माणसे काही नसावे.

अक्षरांच्या बाजूने मुंबईत मोठे काम झाले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावालाच चित्र केले, इतके की दुसऱ्या चित्राची गरज उरली नाही. र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून संगणकावरच्या ‘मंगल’ फॉन्टपर्यंत देवनागरीचा विचार नेला. हे काम जिल्ह्याच्या छापखान्यापर्यंत फारसे पोचले नाही. तिथे पोचली डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी. नव्वदच्या दशकात श्रीलिपी आणि तिच्यासारखी सॉफ्टवेअर आली, जुळाऱ्याची जागा ऑपरेटरने घेतली. प्रत्येक सॉफ्टवेअरचे संकेत वेगळे, एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य. म्हणून ऑपरेटर ओळखीच्या चार-पाच फॉन्टांतच राहिला. आणि धातूच्या खिळ्याला कधीच जमले नसते ते कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसच्या एका ओढीत जमू लागले : अक्षर जागेत बसत नाही, तर चेपा. आडवे चेपले की उभ्या दांड्या बारीक होतात, शिरोरेखा मात्र तितकीच जाड राहते, आणि शब्द झोपडीवर पत्रा ठेवल्यासारखा दिसतो. अक्षरांमधले अंतर वाढवले तर उलटे होते, शिरोरेखाच तुटते. इंग्रजी नावाला शोभणारे अंतर देवनागरीला चालत नाही.

त्यानंतर फ्लेक्स आला आणि हिशेबच बदलला. फ्लेक्सचा भाव चौरस फुटाला. दहा बाय आठचा फलक ऐंशी फूट, त्यावर एक शब्द लिहा किंवा दोनशे, एक रंग वापरा किंवा लाखो, पैसे तेवढेच. गाळण्याचे काम आजवर किंमत करून घेत होती, ती किंमतच संपली. गाळायचे कोणी, हे मात्र कोणाच्या कामात लिहिले गेले नाही. सुमार फलकांचे मूळ आमच्या मते इथे आहे. ऑपरेटरला कलेचे अंग नाही म्हणून असे होते, हे खरे नाही. वाढदिवसाच्या फलकावर नाव राहिले तर माणूस रुसतो, आणि नाव घालायला काही लागत नाही, मग ते घातले जाते.

रस्त्यावरचा हिशेब कडक आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे ३६ फूट जाते. दीडशे फुटांवर फलक नजरेत आला आणि तीस फुटांवर मान वळवावी लागली, तर वाचायला साडेतीन सेकंदही मिळत नाहीत. सहा-सात शब्द, बस्स. अक्षराची उंची दर दहा फुटांना एक इंच धरावी, म्हणजे शंभर फुटांसाठी दहा इंच, आणि ती शिरोरेखेपासून पायापर्यंत मोजावी, मात्रा सोडून. फोटोचेही असेच. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, इंचाला जेमतेम तेरा ठिपके. चेहरा फुटणारच. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. मूळ ४००० पिक्सेल रुंद असेल आणि फलकाच्या अर्ध्या रुंदीतच बसवला, तर इंचाला सहासष्ट ठिपके मिळतात, ते पुरतात. शिवाय आपल्याकडचे ऊन आहेच. साध्या शाईतले लाल-पिवळे आधी उडते, निळे मागे राहते. एप्रिलमध्ये लावलेल्या फलकाचा मुख्य मजकूर काळ्यात किंवा गडद निळ्यात असलेला बरा.

भाषेचाही एक पेच आहे. अहिराणीतली ओळ अमळनेर-धुळ्याकडे माणसाला थांबवते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोली लेवा आहे, तिथे तीच ओळ परकी वाटते. एकच फलक सगळ्या खान्देशात लावायचा असेल तर साधी मराठी बरी.

सादरीकरणाची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. पूर्वी पारदर्शिकेवर मार्करने हाताने लिहून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवत, हात दुखे म्हणून मुद्दे थोडे असत. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आधी मॅकिन्टॉशसाठी आले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि १९९० मध्ये विंडोजची आवृत्ती आली. कोरी स्लाइड उघडली की वर मथळा, खाली मुद्द्यांचा चौकोन तयार. मजकूर वाढला की अक्षर आपोआप लहान होते. इथेही चेपण्याला किंमत नाही. कृषी मेळाव्यात ठिबकच्या खतमात्रेचा बावीस ओळींचा तक्ता पडद्यावर येतो तो असा, आणि वक्ता पाठ फिरवून तो वाचतो. तक्ता छापून हातात द्यावा, पडद्यावर त्यातली एकच ओळ ठेवावी. आपोआप लहान होण्याची सोय बंद करावी. मराठी मजकूर किमान २८ पॉइंट ठेवावा, कारण वर-खालच्या मात्रांसाठी जागा राखल्याने बऱ्याच फॉन्टांत देवनागरी त्याच आकड्याच्या इंग्रजीपेक्षा लहान दिसते. ओळींमधले अंतर १.३ ते १.५ पट.

फ्लेक्स छापायला देण्यापूर्वीची तपासणी पाच मिनिटांची आहे. दहा फुटी फलक आडव्या ए-फोर कागदावर छापला की तो साधारण दहापट लहान होतो. तो भिंतीला चिकटवून दहा फुटांवर उभे राहावे, म्हणजे शंभर फुटांवरून पाहिल्यासारखे होते. मजकूर आधी न वाचलेल्या माणसाला बोलवावे, तीन मोजेपर्यंत दाखवावे, कागद उलटा करावा आणि काय वाचले ते विचारावे. तो ‘घुळे’ म्हणाला तर बाहेरची कड काढून टाकावी. त्याला फोन नंबर आठवला आणि दुकान कशाचे ते आठवले नाही, तर त्या दोन ओळींचे आकार अदलाबदल करून पुन्हा छापावे.