बोलतो तर स्वच्छ, मग अडतं कुठे?

डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत रक्तपुरवठा बिघडून झटका आला की सगळ्यात आधी तोल जातो. गरगरतं, उलट्या होतात, पाऊल सरळ पडत नाही. पेला उचलायला नेलेला हात पेल्याच्या पुढे जातो. बोलणंही बिघडतं, जीभ जड होते किंवा एकेक अक्षर तुटक येतं. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने याच्या बारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. पण हा दोष उच्चाराचा. काय बोलायचं ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ तेवढा बसत नाही.

काही रुग्णांचं मात्र वेगळंच होतं. उच्चार स्वच्छ, समोरच्याचं बोलणंही कळतं, तरी हवा तो शब्द वेळेवर येत नाही. वाक्यं आखूड होतात. घरच्यांना वाटतं, आजारपणाचा थकवा असेल.

डॉक्टरांनाही बराच काळ तसंच वाटे. ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये आणि वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये भाषेची ठाणी मोठ्या मेंदूच्या डाव्या भागात दाखवून दिली, आणि भाषेच्या नकाशात लहान मेंदूला जागाच उरली नाही. आकाराने तो अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज एकट्या त्याच्यात आहेत. नुसता तोल सांभाळायला एवढी फौज कशाला, हा प्रश्न खरं तर आधीच पडायला हवा होता.

1988 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूचा कुठला भाग कामात आहे हे दाखवणारा पेट स्कॅन चालू असताना लोकांना एक साधं काम दिलं: नाम दिसलं की त्याला शोभेल असं क्रियापद बोलायचं. म्हणजे 'कात्री' दिसली की 'कापणे'. शब्द नुसता मोठ्याने म्हणताना मेंदूत जे घडतं ते वजा केलं, तरी लहान मेंदूची उजवी बाजू कामात असलेली दिसलीच. उजवी, कारण लहान मेंदूला मोठ्या मेंदूशी जोडणाऱ्या तारा वाटेत बाजू बदलतात. उजव्या लहान मेंदूचा निरोप थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या ठाण्यामार्गे डाव्या मोठ्या मेंदूकडे, म्हणजे थेट भाषेच्या घरी पोचतो.

1992 मध्ये याच कामावर उजव्या लहान मेंदूत झटका आलेला एक रुग्ण बसवला गेला. बुद्धी तल्लख, संभाषण उत्तम. तरी क्रियापद शोधताना तो वारंवार चुकला. मला त्याहून बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: पुष्कळशा चुका त्याच्या लक्षातच आल्या नाहीत, आणि तीच यादी पुनःपुन्हा देऊनही, इतरांचा हात बसतो तसा त्याचा बसला नाही. चालताना पाऊल चुकतंय हे लहान मेंदू ओळखतो आणि सुधारतो. शब्दांच्या बाबतीतही तो हीच राखण करत असावा, असा आज अनेक संशोधकांचा अंदाज आहे.

दोन वर्षांनी इटलीतून आणखी एक नोंद आली. तिथल्या रुग्णाच्या बोलण्यातून सहायक क्रियापदं गळत होती. तपासणीत डाव्या मोठ्या मेंदूचा रक्तपुरवठाही मंदावलेला दिसला, जरी इजा तिथे नव्हती. दूरच्या केंद्राकडून येणारा निरोप थांबला की धडधाकट भागही असा सुस्तावतो. पुढे तो रक्तपुरवठा सुधारत गेला तशी भाषाही सुधारली.

याला सरसकट वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषाच हरपणं, म्हणणं मला पटत नाही. नेहमीच्या वाचाघाताच्या मानाने हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि म्हणूनच निसटतो. घड्याळ दाखवून नाव विचारलं की रुग्ण चटकन सांगतो. 'क'ने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगा म्हटलं, की थोड्याच वेळात गाडी थांबते. प्राण्यांची नावं त्यामानाने बरी सुचतात: वाघामागून सिंह आपोआप येतो, पण 'कपाट'मागून 'कंटाळा' यायला अर्थाचा कुठलाच धागा नसतो.