पाळीव पक्ष्यांची शीट : आहार आणि आजार

पक्ष्याचे मल आणि मूत्र अवस्कर या एकाच पोकळीतून बाहेर पडतात. त्यामुळे ताज्या शिटेत तीन भाग दिसतात : मलाची हिरवट किंवा तपकिरी वळी, यूरिक अम्लाचा पांढरा थर आणि भोवती मूत्राचा ओलावा. खानदेशात लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा छोटा पक्षी बहुधा बजरीगर असतो. तो दिवसात 25 ते 50 वेळा शिटतो.

वळीचा रंग खाण्यावर ठरतो. बाजरी-राळ्यावर ती हिरवट असते, गोळीखाद्यावर तपकिरी, मेथी-पालकावर गर्द हिरवी, तर बिटावर लाल. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. नंदुरबारकडची लाल मिरची ते आवडीने खातात आणि शिटेतली तिची लाली रक्त वाटते. असे खाणे एक दिवस बंद ठेवावे. रंग त्याचाच असेल तर निघून जातो.

सर्वांत जास्त गल्लत पाण्याची होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पक्षी भरपूर पाणी पितो, त्यात कलिंगडाची फोड मिळाली की पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला कागद ओलाचिंब होतो. वळी शाबूत असून भोवती नुसते पाणी असेल, तर त्याला हगवण म्हणत नाहीत. वळीच विरघळून पातळ झाली तर ती हगवण. कोंबड्यांच्या औषधाची पूड पाण्यात कालवण्याआधी हा फरक पाहिलाच पाहिजे. मात्र ऊन उतरून, फळे बंद करूनही पाणी तसेच राहिले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो.

आजार ओळखायला पांढरा भाग अधिक उपयोगी. तो पिवळा किंवा हिरवा झाला की यकृताच्या विकाराची शंका घ्यावी. सिटॅकोसिसमध्येही असे होते. हा जिवाणूजन्य रोग वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसालाही होतो, म्हणून पिंजरा झाडण्याआधी कागद ओला करावा आणि नाक-तोंड झाकावे. शिटेत अख्खे दाणे दिसणे हे जठराच्या बिघाडाचे लक्षण आहे. डांबरासारखी काळी शीट आतड्याच्या वरच्या भागातील रक्तस्राव सुचवते. शीट अगदी थोडी आणि गडद हिरवी असेल, तर पक्षी उपाशी आहे. वाटी भरलेली दिसते, पण आत नुसती टरफले असतात! लहान पक्ष्याच्या बाबतीत इथे दिवसाचाही उशीर परवडत नाही.

सकाळची पहिली शीट आणि अंड्यांवर बसलेल्या मादीची शीट मोठी असते. त्यात काळजीचे कारण नाही.

अंगणात कोंबड्या असतील तर पिंजरा त्यांच्यापासून दूर ठेवावा. मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू या दोन्हींचे विषाणू विष्ठेतून पसरतात. देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचीच आहे.

पशुवैद्यकाकडे जाताना पिंजऱ्यातला त्याच दिवशीचा कागद न झाडता सोबत न्यावा आणि आदल्या दिवशी काय खायला दिले ते सांगावे.