पंचगंगेतल्या केंदाळाची मुळे

उन्हाळ्यात कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पुलावरून खाली पाहिले की कितीदा पाण्याऐवजी हिरवे रानच दिसते. पेपरात त्याला जलपर्णी म्हणतात, काठावरची माणसे केंदाळ. बातमी आली की बोट शहराच्या नाल्यांकडे, कारखान्यांच्या मळीकडे आणि इचलकरंजीतल्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसकडे जाते. ते खोटे नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीत माणसे दगावली, प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयात गेला. पण नाल्याला तोंड असते, तिथे उभे राहून बाटलीत नमुना भरता येतो. उसाच्या हजारो सऱ्यांतून झिरपणाऱ्या खताचा पंचनामा कुठे उभे राहून करायचा?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात. तिथून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत नदी जेमतेम 80 किलोमीटर. वर गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली शिरोळात त्याचा दहावा हिस्सा. घाटातली तांबडी माती पावसाळ्यात पाण्याला लाल करायचीच, तो नदीचा जुना स्वभाव. सपाटीवर आल्यावर मात्र ती वळणे घेत संथ होते आणि वरून आणलेले खाली टाकते. पूर्वी पुराने टाकलेला हा गाळ म्हणजेच काठच्या रानांचे खत.

मग उसाने हे गणित बदलले. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम काढले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडले. पुढे सहकारी कारखाने आले, उपसा संस्थांच्या पाइपलाइन माळापर्यंत चढल्या. नदीत ठिकठिकाणी बंधारे झाले. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे, ही पद्धत इतकी इथली की राज्यभर तिला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हेच नाव पडले. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण आठ महिने वाहती नदी उरली नाही, एकाखाली एक तळी झाली. माझ्या मते खरी मेख इथे आहे. वाहत्या पाण्यात जे पुढे निघून गेले असते, ते तळ्यात मुरत राहते.

आणि खत येते किती? आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर एकरी 45 किलोची जवळपास आठ पोती. त्यावर थांबणारेही थोडेच. शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला की आपल्याही सरीत आणखी एक पोते पडते. 2010 साली केंद्राने खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणले, पण युरिया त्यातून वगळला. स्फुरद-पालाशची (फॉस्फरस-पोटॅशची) खते महागली, युरिया स्वस्तच राहिला. हात साहजिकच तिकडे सैल सुटला.

युरियाचे जमिनीत आधी अमोनियम होते, मग नायट्रेट. अमोनियमला काळी माती धरून ठेवते, नायट्रेटला नाही. भरणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावल्यावर, पाटाने सरी तुडुंब भरली की ते पाण्याबरोबर खाली उतरते, विहिरीत आणि ओढ्यात जाते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. स्फुरदाची चाल वेगळी. ते मातीच्या कणाला चिकटते आणि माती धुपली की तिच्यासोबत नदीत येते. काठची झाडी तोडून पाण्याच्या धारेपर्यंत ऊस नेला, वीटभट्ट्यांसाठी पोयटा (काठची गाळमाती) उपसला, तिथे ही माती अडवायला काही उरलेले नाही.

नत्र, स्फुरद, साचलेले पाणी आणि ऊन: केंदाळाला आणखी काय हवे? त्याच्या गालिच्याखाली उजेड पोचत नाही, कुजताना ते प्राणवायू खाते. वरचे बरगे काढले की ते काळे पाणी एकदम खाली सुटते. शिरोळच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात.

त्याच शिरोळात जादा पाण्याने क्षार साठून जमिनी क्षारपड, म्हणजे नापीक झाल्या. त्या सुधारण्यासाठी आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढतात. रान पुन्हा पिकते, शेतकऱ्याला दुसरा इलाजही नाही. निचऱ्याचे पाणी ओढ्यात सोडतात, आणि ओढा नदीला मिळतो.