पुन्हा तीच सुरुवात: मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांपुढचा पेच

हिब्रू बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या सोळाव्या अध्यायात मालकिणीपासून रानात पळून आलेल्या दासी हागारेला दूत भेटतो, तेव्हा ‘परमेश्वराचा दूत तिला म्हणाला’ हे शब्द लागोपाठच्या तीन वचनांच्या आरंभी येतात. मध्ये हागार काहीच बोललेली नसते. पवित्र ग्रंथात एकही शब्द वाया गेलेला नाही, असे मानणाऱ्या प्राचीन रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, हे खटकणारच होते. त्यांच्या परंपरेला अनुसरून फ्रान्समधील त्र्वा गावचे भाष्यकार राशी (१०४०–११०५) लिहितात की, दर वेळी नवा दूत पाठवला गेला.

‘लेवीय’च्या सोळाव्या अध्यायात अहरोनाच्या दोन पुत्रांच्या मृत्यूनंतर परमेश्वर अहरोनाचा भाऊ, संदेष्टा मोशे याच्याशी बोलला, असे पहिले वचन सांगते, काय बोलला ते मात्र सांगत नाही, आणि दुसरे वचन पुन्हा ‘परमेश्वर मोशेला म्हणाला’ असे सुरू होते. येथे राशी रब्बी एलाझार बेन अझार्या यांचा दृष्टान्त देतात. एक वैद्य रोग्याला बजावतो, थंड खाऊ नकोस, ओलीत निजू नकोस. दुसरा तेच बजावून पुढे म्हणतो, नाहीतर अमक्यासारखा मरशील. धाक अर्थातच दुसऱ्याचा बसतो. म्हणून मृत्यूचा उल्लेख आधी.

पण हेच राशी ‘निर्गम’च्या सहाव्या अध्यायात वेगळी वाट धरतात. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो माझे कसे ऐकेल, ही मोशेची तक्रार तेथे एकदा येते, मग लांबलचक वंशावळ येते आणि शेवटी तीच तक्रार पुन्हा येते. राशींच्या मते हे नवे बोलणे नव्हेच. विषय मध्येच तुटला होता, म्हणून ‘मागच्याकडे परत वळू या’ असे म्हणणाऱ्या माणसासारखी ही रीत आहे. (आपणही ‘तर काय सांगत होतो’ म्हणतोच.) भावांनी विकलेल्या योसेफाला मिसर देशात नेल्याचे, मध्येच आलेल्या यहूदा-तामार या वेगळ्या प्रसंगानंतर पुन्हा सांगितले जाते, तेथेही ते हेच म्हणतात, मात्र कथा मध्येच का तोडली, याचे कारण शोधल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

वेळ मिळाला असता तर रोज नव्याने सुचणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे आणखी भाष्ये लिहिली असती, अशी कबुली राशींनी दिल्याचे त्यांचे नातू राशबाम यांनी नोंदवले आहे. स्पेनमधील तुदेला येथे जन्मलेले अब्राहाम इब्न एझ्रा बाराव्या शतकात सरळ अर्थाच्या वाटेवर याही पुढे गेले. बायबलमध्ये दोनदा येणाऱ्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथाविषयीची (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाविषयीची) आज्ञा एके ठिकाणी ‘आठव’, तर दुसरीकडे ‘पाळ’ अशी सुरू होते. हे दोन्ही शब्द एकाच उच्चारात निघाले, ही तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातील समजूत त्यांनी शब्दशः स्वीकारली नाही. शब्द म्हणजे देह आणि अर्थ म्हणजे प्राण, असे सांगून त्यांनी लिहिले की, मोशेने दुसऱ्यांदा सांगताना अर्थ राखला, शब्द नव्हे.