वादळाआधी रस्ते जुळले पाहिजेत

उपग्रहाला सगळं दिसतं, मग माणसांनी वेगळा नकाशा कशाला काढायचा? मोठं वादळ येऊ घातलं की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उपग्रह देतो ते छायाचित्र. त्यातला रस्ता संगणकाच्या लेखी केवळ करड्या ठिपक्यांची रांग असते. शिवाय वादळ आलं की वर ढग, म्हणजे साधं छायाचित्रही मिळत नाही. आधी घरं किती होती हे ठाऊक नसेल, तर पडली किती हे मोजणार कसं?

नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळ फिलिपिन्सकडे सरकत असतानाच ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशाचे स्वयंसेवक तिथल्या टॅक्लोबान शहराचा नकाशा भरू लागले होते. ८ तारखेला वादळ धडकलं. पुढे देशोदेशींचे दीड हजारांहून जास्त लोक या कामाला लागले. पद्धत सोपी: भूभागाचे चौकोन पाडायचे, एकाने एक चौकोन रेखाटायचा, दुसऱ्याने तपासायचा.

खरी गंमत रेघांच्या आत आहे. या नकाशात रस्ता म्हणजे अक्षांश-रेखांश असलेल्या बिंदूंची क्रमवार यादी. दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसले, तरी दोन्ही याद्यांत तोच बिंदू नसेल तर संगणक तिथे चौक मानत नाही. एक रस्ता दुसऱ्यावरून गेला असं समजतो. मदतीच्या ट्रकला मग भलताच वळसा दाखवला जातो. रस्ते नीट जुळले की हे जाळं गणिताच्या हाती येतं. प्रत्येक रेघेला प्रवासाचा वेळ द्यायचा आणि डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या रीतीने सर्वांत कमी वेळाचा मार्ग काढायचा. आता सखल भागातले बिंदू खोडून पाहा. जाळ्याचे तुकडे पडले, तर कोणती वस्ती तुटणार हे वादळाआधीच कळतं. एकच रेघ खोडल्याने दोन तुकडे होत असतील, तर त्या रेघेवरचा रस्ता किंवा पूल आधी सांभाळायला हवा.

‘हे सगळं आता एआय करेल’ अशी हवा आहे. घरांच्या आकृत्या तो झपाट्याने काढतो, खरं आहे; पण मोठ्या खडकालाही घर ठरवतो. तपासणारे डोळे लागतातच.

आणि काही गोष्टी वरून कुणालाच दिसत नाहीत. टॅक्लोबानमध्ये समुद्राचं पाणी सुमारे ५ मीटर चढलं, लोकांनी आसरा घेतलेल्या काही इमारतींतही शिरलं. कोणत्या शाळेला वरचा मजला आहे, कोणता पूल ट्रकचं वजन पेलतो, ही माहिती तिथल्याच रहिवाशांनी नकाशात भरावी लागते.